आभाळ मोकळं झालं की तू पण मोकळा?

प्रश्न: ताई नमस्कार. चार वर्षांपासून मला आकाश बघायचा नाद लागलाय, आधी दुर्बीण होती मग ८ इंची (म्हणजे आरशाचा व्यास ८ इंच) टेलिस्कोप घेतला, आणि खरं सांगतो या छंदानं मला खूप काही दिलंय, दिवसभराचं काम डोक्यातून उतरतं. सुरुवातीला बायको पण यायची, पहिल्यांदा शनीची कडी बघितली तेव्हा तिनंच मला मिठी मारली होती. आता ती येत नाही, विचारत पण नाही. आम्हाला ३ वर्षांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात तिच्या बहिणीकडे जायचं आधीपासून ठरलं होतं आणि नेमका त्या दिवशी आठवडाभरानंतर ढग हटले, एक धूमकेतू काही दिवसच दिसणार होता, म्हणून मी म्हटलं तू जा मी येत नाही. तर ती शांतपणे म्हणाली, आभाळ मोकळं झालं की तू पण मोकळा होतोस. तेव्हापासून घरात नीट बोलणं नाही. मी बाल्कनीतला लाईट लावू नको म्हणून ओरडतो ही पण तिची तक्रार आहे. शिवाय मला १२ इंची घ्यायचाय, आणि मध्ये दोन आयपीस (टेलिस्कोपला डोळा लावायची भिंगं) घेतले ते तिला सांगितलेच नाहीत. तिला परत या छंदात इंटरेस्ट कसा आणू?

उत्तर: पत्र दोनदा वाचलं. शनीची कडी बघून तिनं मिठी मारली हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण त्यावरून एक गोष्ट सरळ दिसते की तिला आकाशाचा राग नाहीये. म्हणून तुमचा प्रश्नच मी थोडा बदलणार आहे. तिला इंटरेस्ट कसा आणायचा हे बाजूला ठेवा. तिच्या संध्याकाळी तुम्ही कशा मोडता ते आधी बघू.

मी स्वतः बरीच वर्षं टेलिस्कोपवाली आहे आणि माझ्या नवऱ्याला चंद्र सोडून काही ओळखता येत नाही, त्यामुळे हे मी आतून सांगतेय. एक काळ असा होता की आकाश स्वच्छ दिसलं की मी बाहेर, कसलाही प्लॅन असो. तो भांडला नाही कधी. फक्त हळूहळू 'आज संध्याकाळी आहेस ना' असं विचारणं त्यानं बंद केलं, आणि ते बंद झालंय हे माझ्या लक्षात यायलाच काही महिने गेले. ते लक्षात आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. तुमची बायको पण विचारत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला हे मनापासून सांगावंसं वाटतंय की तिकडे बघा.

घरच्या माणसाला रात्र जाण्याचा त्रास त्या मानानं कमी होतो. जास्त त्रास होतो तो काहीच ठरत नाही याचा. ढग आहेत म्हणून तुम्ही घरी असता आणि सात वाजता ढग हटले की नसता, म्हणजे तिची संध्याकाळ वाऱ्यावर. आणि ढगाळ रात्री तुम्ही घरी असता ते तिच्यासाठी असता असं तिला वाटत नाही, कारण तुम्ही सारखे खिडकीतून वर बघत असता. हे मला माहितीये कारण मी हेच करायचे.

आता गंमत अशी की आपल्या छंदाइतकं आधीच ठरवता येणारं दुसरं काही नसेल. चंद्राचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं, त्यातले पौर्णिमेच्या आसपासचे दिवस दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह), तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग) असलं काही अंधुक बघायला निकामीच असतात. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे चार-पाच दिवसांतच संध्याकाळचे पहिले काही तास परत अंधारे मिळायला लागतात, आणि अमावास्या होऊन चार-पाच दिवस जाईपर्यंत ते मिळत राहतात. म्हणजे महिन्याचा साधारण अर्धा भाग असा की अंधार पडल्यावर सुरू करून रात्री अकराला आत येऊन झोपता येतं. उरलेला अर्धा महिना घराचा, तिथं काही सोडावं पण लागत नाही.

आणि पहाटे चारला उठायची जी हौस असते ना, ती बऱ्याच वेळा घाईतून येते. कुठलाही तारा रोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतो, महिन्याला २ तास होतात, म्हणजे आज पहाटे चारला जे डोक्यावर आहे तेच तीन महिन्यांनी रात्री दहाला तिथंच असतं. थांबलं तर झोपेच्या वेळा न मोडता जवळजवळ सगळंच बघता येतं. मुलगी ३ वर्षांची आहे, सकाळी ती उठते तेव्हा कोण उठतं? पहाटे चारचा अलार्म तुमचा असला तरी सातला मुलीबरोबर उठायचं बायकोलाच लागत असेल तर त्या रात्रीची किंमत ती देतेय. माझा आग्रह असा की जी रात्र तुमची, तिच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ पण तुमची. मुलीला उठवणं, आवरणं सगळं तुम्ही, आणि चिडचिड न करता.

धूमकेतूचं मात्र वेगळं आहे हे मान्य, तो तीन महिन्यांनी परत येत नाही, ग्रहणं पण तशीच. मेसिए या धूमकेतू शोधणाऱ्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचा एक किस्सा खगोलवाल्यांमध्ये सांगितला जातो, आकाशातल्या ११० वस्तूंची यादी ज्याच्या नावानं आपण अजून वापरतो तोच तो. १७७२ मध्ये त्याची बायको बाळंतपणानंतर गेली, बाळ पण गेलं, आणि त्याच दिवसांत एक धूमकेतू दुसऱ्याच कुणाला तरी सापडला. कुणीतरी सांत्वन करायला आलं तर हा माणूस त्या हुकलेल्या धूमकेतूबद्दलच बोलायला लागला म्हणे. मला हा किस्सा ऐकून कधीच हसू आलं नाही. तुमच्या धूमकेतूबद्दल बायकोला आठवडाभर आधी माहीत होतं का? 'हा इतकेच दिवस आहे, ढग हटले तर मला एक रात्र लागेल, तुझ्या बहिणीकडचा दिवस बदलता येईल का' असं विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती, कदाचित नाही. नाही म्हणाली असती तर बहिणीकडे जाऊन परत आल्यावर उशिरा किंवा दुसऱ्या रात्री प्रयत्न करता आला असता. ऐनवेळी 'तू जा' म्हटलंत तिथं सगळं बिघडलं. त्याबद्दल आधी माफी मागा, आणि त्या माफीत धूमकेतूचा उल्लेख करू नका, कितीही दुर्मिळ असला तरी.

आमच्या घरी काय चालतं ते सांगते, जमलं तर घ्या. दर अमावास्येच्या आधी आम्ही दोघं कॅलेंडर घेऊन बसतो. चार रात्री माझ्या. दोन रात्री अशा की आकाश कितीही स्वच्छ असो मी आत. बाकीच्या रात्री विचारून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माझ्या चार रात्रींपैकी जी ढगात गेली ती गेली, ती उधारीवर पुढं ढकलायची नाही. सुरुवातीला हे फार जड जातं, चारही रात्री ढगात गेलेले महिने मी काढलेत. पण त्यामुळे नवऱ्याला पक्कं कळतं की उद्या मी आहे की नाही. काही महिन्यांनी तोच म्हणायला लागला की आज मस्त आहे बाहेर, जा की तासभर.

लाईटवरून ओरडणं मात्र आजपासून बंद करा. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ते सगळं जातं, कळतंय मला, फार चीड येते. पण ते घर तिचं पण आहे आणि लहान मूल असलेल्या घरात लाईट लागणारच. जुने निरीक्षक ज्या डोळ्यानं बघायचं त्यावर पट्टी बांधून ठेवतात, किंवा डोक्यावरून काळं कापड घेऊन आयपीसला डोळा लावतात, दोन्ही सोपं आहे. आत-बाहेर करायला मंद लाल टॉर्च ठेवा, अंधारात बघणाऱ्या पेशींवर लाल उजेडाचा फार कमी परिणाम होतो. तसंच टेलिस्कोप अर्धा-पाऊण तास आधी बाहेर नेऊन ठेवा, आरसा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत चित्र नाचतंच, त्याच्याजवळ उभं राहून काही मिळत नाही. तो अर्धा तास मुलीला झोपवा.

आता आयपीस. हे तुम्ही एका ओळीत उरकलंत पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. वेळेवरून झालेली भांडणं भरून येतात, लपवलेली खरेदी कळली की माणूस मागच्या सगळ्या गोष्टी परत मोजायला बसतं. तिला अजून माहीत नसेल तर या आठवड्यात सांगा, डबा हातात देऊन सांगा, आणि हे मी का लपवलं ते पण सांगा. तोपर्यंत १२ इंचीचं नाव नको. तो ८ इंचीपेक्षा सव्वादोन पट प्रकाश गोळा करतो हे खरं, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गात वाढतो, पण वजन पण तसंच वाढतं आणि एकट्याला उचलून बाहेर नेणं जिवावर येतं. मोठे टेलिस्कोप घेऊन कोपऱ्यात पडलेले मी खूप पाहिलेत, आणि कोपरा दोघांच्या घरातला असतो. दोघांनी मिळून छंदासाठी वर्षाची एक रक्कम ठरवा आणि तितकीच रक्कम तिच्या कशासाठी तरी बाजूला ठेवा, तिला काय करायचंय ते तिचं ती ठरवेल. त्या रकमेत बसेल तेव्हा बसेल. ८ इंचीमध्ये मेसिएची सगळी यादी दिसते, तुमची झालीये का बघून?

प्रश्न: ताई, माझा नवरा आकाशाचे फोटो काढतो, मला त्याला सपोर्ट करायचाय मनापासून. पण तो हाक मारतो, मी थंडीत बाहेर जाते, डोळा लावते तर करड्या रंगाचा एक पुसट डाग, आणि तो इतका आनंदानं बघत असतो की मी 'वा किती सुंदर' म्हणते. मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. मी चुकतेय का?

उत्तर: चुकत नाही, पण खोटं 'वा' म्हणू नका, कारण तो तुम्हाला तसलेच आणखी डाग दाखवत राहील. तुम्हाला दिसला तो डाग बहुतेक एखादी दीर्घिका असणार. डोळ्याला तिचा रंग दिसतच नाही, इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, त्याच्या फोटोत जो रंग येतो तो तासन्‌तास प्रकाश साठवून येतो. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश २५ लाख वर्षं प्रवास करून आलाय हे त्याला माहीत असतं म्हणून तो डागाकडे बघून हरखतो. तुम्हाला ते आधी सांगितलं तर कदाचित तुम्ही पण हरखाल, नाही तर नाही. थेट न बघता जरा कडेनं बघायचं असतं हे पण बरेच नवरे सांगायला विसरतात, तसं केलं की डाग मोठा होतो.

त्याला सांगा की मला महिन्यातून एकदाच बोलाव, पण चांगल्यातलं दाखव. अर्धा चंद्र, उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे, तिथं सावल्या लांब पडतात म्हणून ते उठून दिसतात, पौर्णिमेला नाही दिसत तसे. गुरूचे चार चंद्र आज आणि उद्या, जागा बदललेल्या दिसतात. कृत्तिकांचा तारकापुंज तर साध्या दुर्बिणीतून. आणि १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेचा उल्कावर्षाव, त्याला कुठलंच यंत्र लागत नाही, दोन पांघरुणं घेऊन आडवं पडायचं आणि गप्पा मारायच्या. माझ्या मते जोडप्यांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण तिथं कुणी कुणाला काही दाखवत नसतं.

कॅरोलिन शूमेकर या बाईंचं उदाहरण लोक नेहमी देतात. नवरा ग्रहशास्त्रज्ञ, मुलं मोठी झाल्यावर वयाच्या ५१ व्या वर्षी त्याच्या कामात मदत म्हणून आकाशाच्या फोटोंच्या फिल्म तपासायला बसल्या आणि पुढे ३२ धूमकेतू शोधले. मार्च १९९३ मध्ये एका फिल्मवर त्यांना चेपल्यासारखा एक धूमकेतू दिसला, तो तुकडे झालेला होता, आणि जुलै १९९४ मध्ये ते तुकडे गुरूवर जाऊन आदळले, सगळ्या जगानं बघितलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण तुम्ही त्यांच्यासारखं व्हावं असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यांना त्या फिल्ममध्ये स्वतःला गोडी लागली होती, म्हणून त्या बसल्या.

तुमचा सपोर्ट म्हणजे त्याची रात्र ठरलेली असेल तेव्हा सारखे मेसेज न करणं, सकाळी त्याचा फोटो बघून एक खरा प्रश्न विचारणं, एवढं पण पुष्कळ आहे. पुढच्या वेळी त्याला हंस तारकासमूहाच्या चोचीतला अल्बिरिओ तारा दाखवायला सांगा, उघड्या डोळ्याला एक दिसतो आणि टेलिस्कोपमध्ये दोन होतात, एक सोनेरी एक निळसर, तिथं रंग डोळ्याला खरंच दिसतो. आवडला तर 'वा' म्हणा. नाही आवडला तर तसं सांगा आणि आत येऊन झोपा.