इन्सेंटिव्ह वाढवूनही उत्पादन का वाढत नाही?

कारखान्यात कामगारांचा इन्सेंटिव्ह (जादा उत्पादनावरचा बोनस) वाढवला, वाढदिवसाला केक आणला, उत्तम कामगाराचा फोटो लावला. तरी उत्पादन जिथल्या तिथे आणि शुक्रवारी दांड्या, असं तुम्ही लिहिलंय. मी 26 वर्षं पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात मशिन शॉपमध्ये (मशिनवर धातूचे भाग कापून घडवण्याच्या विभागात) आहे, त्यातली पहिली 7 ऑपरेटर, म्हणजे मशिन चालवणारा कामगार म्हणून. त्यावरून सांगतो.

आधी एक पूर्ण पाळी मशिनजवळ उभे राहा, स्टॉपवॉच न घेता. इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं पातं) संपला म्हणून टूल रूमकडे (हत्यारांच्या खोलीकडे) चकरा, सेटरची (मशिन जुळवून देणाऱ्याची) वाट, क्रेनची वाट. मशिन ऑपरेटरच्या हातात नसलेल्या कारणांनी बंद राहतं आणि इन्सेंटिव्ह मात्र त्याचा बुडतो. मग ती योजना त्याला बक्षीस न वाटता दंड वाटते.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका कारखान्यात फिक्स्चरचा (मशिनवर भाग पकडून ठेवणाऱ्या साच्याचा) क्लॅम्प सैल झाला होता. ऑपरेटरने तीनदा सांगितलं. "आज डिस्पॅच आहे, चालव तसंच," हेच उत्तर. चौथ्यांदा तो बोललाच नाही. अख्खा लॉट रिजेक्ट झाला आणि मेमो त्यालाच मिळाला. त्यानंतर त्या लाइनवर कोणी तोंड उघडलं नाही. असा माणूस आठ तास भरतो, पण बेअरिंगचा आवाज बदलला तरी सांगत नाही. टोयोटात कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे सगळे सांगतात. पण दोरी ओढल्यावर टीम लीडर लगेच धावत येतो, म्हणून ती ओढली जाते.

शुक्रवारचं म्हणाल, तर आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मुलांच्या शाळेची सुट्टी, गावाकडची लग्नं, सगळं रविवारी. गुरुवारी गावी गेलेला माणूस एक दिवस जोडून घेणारच. गावाला जाण्याची रजा आधी ठरवून द्या, पाळीचं वेळापत्रक महिनाभर आधी लावा. निम्म्या कटकटी तिथेच मिटतात.

ओव्हरटाइमला दुप्पट दर कायद्यातच आहे, तो कंत्राटी मुलांनाही मिळतोय का ते स्वतः तपासा. एकाच मशिनवर शेजारी उभ्या दोघांच्या पगारात आणि कँटीनच्या ताटात फरक असेल, तर केक कोणाच्या घशाखाली उतरणार?

लाइनशेजारी साधा फळा लावा: तक्रार, तारीख, कोण करणार, झालं का. सुरुवात बंद एक्झॉस्ट फॅन किंवा पिण्याच्या पाण्यापासून करा, आणि जमणार नसेल तर तेही कारणासह त्याच फळ्यावर लिहा.

तुमच्याकडे तिसऱ्या पाळीला सेटर असतो का आणि टूल रूम उघडी असते का, तेवढं कळवा.