पहिलं डेबिट कार्ड घेताना

भाऊ, गावातल्या वापराला साधं रुपे (आपल्या देशातलंच कार्ड नेटवर्क) कार्ड पुरतं. बँकेत 'प्लॅटिनम घ्या' म्हटलं, तर आधी वर्षाचा चार्ज विचारा. जनधन खातं असेल तर रुपे कार्ड फुकट मिळते.

पिन एटीएमवरच तयार करा. जन्मसाल नको, अन् कार्डच्या पाकिटावर लिहून ठेवणं तर नकोच नको. नव्या कार्डावर ऑनलाइन अन् टॅप करून (कार्ड मशीनला नुसतं टेकवून) पैसे देणं बंदच असते. लागेल तेव्हा बँकेच्या ॲपमधून सुरू करा. टॅपला 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणून मर्यादा 500-1,000 वर आणून ठेवलेली बरी.

पेरणीच्या दिवसांत कृषी केंद्रात गर्दी असते. कार्ड दुकानदाराच्या हाती सोडून बियाण्याच्या बॅगा मोजायला जाऊ नका. मशीनवरची रक्कम वाचा, मगच हाताआड पिन टाका. रुपे डेबिटवर '2 टक्के जास्त लागतील' म्हणाला तर देऊ नका. 2020 पासून त्यावर दुकानदाराला शुल्कच नाही. अन् किसान क्रेडिट कार्डही रुपेचंच असते, दिसायला सारखंच. किराण्याला चुकून तेच घासलं तर पीककर्ज वाढते! त्यावर पेनानं खूण करा.

रेंज गेली अन् पैसे कटले, पण पावती निघाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा कार्ड घालू नका. आधी मेसेज, शिल्लक पाहा. अडकलेले पैसे 5 दिवसांत परत यायला पाहिजेत. त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेकडून मागता येते. फसवणूक झाली तर कार्ड ब्लॉक करून ताबडतोब 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा.