तारीख नसलेली एफडी

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की आज जगायचं की उद्यासाठी ठेवायचं, यावरून तुमच्या घरात भांडणं होतात का, तर पत्रांचा एवढा ढीग आलाय की वाटलं बँकेतून रिटायर झालेच नाही मी. तीन पत्रं घेतलीत. नावं छापत नाही, आपलं ठाणं एवढंसं आहे, कोण कुणाचा कोण ते लगेच कळतं.

प्रश्न : काकू, मी 29 वर्षांचा, कोपरखैरण्याला राहतो, ऐरोलीला आयटीत आहे, हातात 62 हजार येतात. बाबा रबाळ्याच्या एका कंपनीत 33 वर्षं होते. रिक्षाचे पैसे वाचवायला स्टेशनवरून चालत यायचे, टॉवेल फाटेपर्यंत वापरायचे. माळ्यावर एक नवी कोरी सुटकेस होती, प्लास्टिकच्या कव्हरसकट, रिटायर झालो की आईला घेऊन चारधाम करायचं म्हणून घेतलेली. 58 ला रिटायर झाले आणि 14 महिन्यांत अटॅकने गेले. कव्हर अजून काढलेलं नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की साठवायचं कशाला आणि कुणासाठी. बाईक घेतली, तिचा ईएमआय 8,400 आहे, लडाख झालं, गोवा तीनदा झालं, क्रेडिट कार्डावर 1 लाख 40 हजार चढलेत, त्यातली मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरतो. आई बोलत काही नाही, फक्त महिनाअखेरीला विचारते, उरले का रे काही. चुकलं कोण, बाबा की मी?

उत्तर : अरे बाळा, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या सुटकेसपाशी अडकले. बाबांना चूक म्हणणार नाही मी, त्या पगारात आणि त्या दिवसांत घर उभं करणाऱ्या माणसाला मी कोण नावं ठेवणार. पण एक सांगते. जांभळी नाक्याजवळच्या आमच्या शाखेत मी 31 वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी एफडीच्या काउंटरवर. त्या फॉर्मवर एक चौकोन असतो, मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण करावे. दहातले नऊ लोक तिथे न वाचता टिक करतात. मग ती एफडी एक वर्षाची दोन होते, दोनाची बारा होते, आणि शेवटी ती मोडायला मुलगा येतो, हातात डेथ सर्टिफिकेट घेऊन. अशी किती मुलं माझ्यासमोर बसली असतील. तुझ्या बाबांनी साठवलं यात काहीच वावगं नव्हतं, सुटकेसला तारीख नव्हती एवढंच. रिटायर झालो की, ही काय तारीख झाली का?

याच्या उलट एक मावशी होत्या, चेंदणी कोळीवाड्यातल्या. शनिवारी दुपारी बाजार उरकून यायच्या, टोपली बाहेर पायरीवर, आणि नोटांना असा काही वास की आमचा कॅशियर दोन बोटांत धरून मोजायचा. त्यांच्या पाच-सहा छोट्या छोट्या एफडी असायच्या, एक मोठी का नाही करत विचारलं तर म्हणायच्या, मग समजणार कसं कोणती कशाची. प्रत्येक पावतीच्या मागे मला पेन्सिलीने लिहायला लावायच्या, धाकटीचं लग्न, होडीचं इंजिन, छपराचे पत्रे. एकीवर लिहायला लावलं, एकवीरा. ती मॅच्युअर झाली त्या दिवशी मावशी दारात उभ्या, रिन्यू करू का म्हटलं तर माझ्याकडे अशा बघितल्या की जसं काही मी त्यांची टोपलीच पळवतेय. अख्खी आळी बसने कार्ल्याला घेऊन गेल्या, मला प्रसाद आणून दिला. त्यांच्यापेक्षा दहापट पैसा असलेले नौपाड्यातले किती गृहस्थ आमचे खातेदार होते, पण पैसा वापरणं मी त्या मावशीकडून शिकले.

आता तुझं. तू म्हणतोस तू जगतोयस, मग जरा हिशोब बघ. बऱ्याच कार्डांवर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज असतं, वर्षाचे 36 ते 45 टक्के झाले हे. साडेतीन धरू. 1 लाख 40 हजारांवर महिन्याचं व्याज 4,900, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे अजून 882. तू मिनिमम ड्यू समज 7,000 भरलास तर कर्ज हलतं जेमतेम बाराशे रुपयांनी, बाकी सगळं हवेत. म्हणजे दर महिन्याला पावणेसहा हजारांची अलिबाग ट्रिप होतेय, फक्त तुझ्याऐवजी कार्डवाले जाऊन येतात. हे क्षण जगणं कसलं रे, गेल्या वर्षीच्या गोव्याचं भाडं भरतोयस अजून!

पहिलं काम, पगाराचं खातं आहे त्या बँकेत पर्सनल लोनचा दर विचार. 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळालं तर हप्ता 4,800 च्या आसपास बसतो, म्हणजे आत्ता नुसतं व्याज जातं त्याहून कमी, आणि तीन वर्षांनी विषय संपला. कार्ड एका फटक्यात क्लिअर कर आणि मग ते कपाटात आईच्या साड्यांखाली ठेव. लोन घेऊन कार्ड परत वापरायला लागलास तर दोन्ही बोडक्यावर बसतील, हे मी पाहिलेलं आहे, एकदा नाही.

दुसरं, तू एकटा कमावता आणि आई तुझ्यावर. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय पुढची ट्रिप नाही, इथे मी ऐकणार नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, आयटीत आजकाल काय चाललंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्यामुळे आईची वेगळी पॉलिसी आत्ताच बघ, वय वाढलं आणि शुगर-बीपी निघालं की महाग पडते. टर्म इन्शुरन्स, म्हणजे नुसता जीवाचा विमा, तोही घे, तुझ्या वयात स्वस्त आहे. आणि नोकरी बदलताना पीएफ काढून खायची जी फॅशन आहे ती करू नकोस, ट्रान्सफर कर, पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढलास तर टॅक्सही लागतो. हो, आणि आईला बाबांच्या पीएफमधली विधवा पेन्शन सुरू झालीय का? पत्रात काहीच लिहिलेलं नाहीस. नसेल तर या आठवड्यात चौकशी कर. बाबांची जुनी पासबुकं पण काढून बघ, गावाकडची वगैरे. दहा वर्षं हात न लावलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जमा होतात पण बुडत नाहीत, वारसाला मागता येतात, आणि शोधायला 2023 पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे. काटकसर करणाऱ्या लोकांची अशी विसरलेली खाती हमखास निघतात बघ.

आणि ट्रिपा बंद कर असं मी म्हणतच नाहीये. तू कोकणातला असशील तर गणपतीचं तिकीट काढतोस ना? साठ दिवस आधी रिझर्व्हेशन उघडतं, पूर्वी 120 होते, नोव्हेंबर 2024 पासून कमी केले, आणि सकाळी आठ वाजता मोबाईल हातात घेऊन घरातले चार जण चार ठिकाणी लॉगिन करून बसतात. साठ दिवसांनंतरच्या आनंदासाठी आजची झोप मोडतो आपण आणि त्याला कुणी कंजूषी म्हणत नाही. तेच पैशाला लाव. महिना 4,000 ची आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, वर्षभराची, नाव दे तिला चारधाम. यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला दारं उघडायला लागतात, आईला घेऊन जा, सुटकेस तीच ने. कव्हर आईला काढू दे.

प्रश्न : ताई, मी 24, कासारवडवलीला तिघी मैत्रिणी भाड्याने राहतो. पगार 31 हजार. ग्रुपचा दर वीकेंडला कॅफे, ब्रंच, काही ना काही असतं, हजार-बाराशे कुठेच गेले नाहीत. नाही म्हटलं की कंजूष म्हणतात, हो म्हटलं की 20 तारखेला खातं रिकामं. ऑफिसमधल्या 12 जणींची भिशी आहे महिना 3,000 ची, तेवढीच काय ती माझी बचत. काय करू?

उत्तर : आधी भिशीचं. शिस्त लागते हे खरं, आमच्याही बँकेत होती, पण व्याज शून्य आणि एकीने जरी मध्येच नोकरी सोडली तर कुणाकडे दाद मागणार? आहे ती पूर्ण कर, पुढची घेऊ नकोस, तेच 3,000 पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापले जातील अशी आरडी नाहीतर म्युच्युअल फंडाची एसआयपी लाव. उरेल ते साठवीन म्हणणाऱ्याचं कधीच उरत नाही, उरलं त्यात जगायचं असं उलटं करावं लागतं.

बाकी ग्रुपचं म्हणशील तर मला एक सांग, मागच्या महिन्यातल्या चार कॅफेंपैकी तुला किती आठवतात? एखादाच आठवत असेल तर तेवढ्याच एकाला जा, आणि गेलीस की मोजत बसू नकोस, मस्त खा. बाकीच्या वेळी तूच प्लॅन सांग, ठाण्यात राहून पैसे नाहीत म्हणून घरात बसायची वेळ येत नाही गं, संध्याकाळी उपवनला जा, तलावपाळीला चक्कर मारा, सकाळी लवकर उठवत असेल तर येऊर आहे. कंजूष म्हणणाऱ्यांपैकी एक तरी तुझ्यासारखीच 20 तारखेला रिकामी असणार, फक्त बोलत नाही.

प्रश्न : मी नौपाड्यात राहते, वय 66. मिस्टर 71. घर स्वतःचं, पेन्शन 34 हजार, मुलगी पुण्यात सुखात आहे. 40 लाखांच्या एफडी आहेत, सगळ्या एकाच बँकेत, दरवर्षी रिन्यू. पण एसी लावायचा नाही, रिक्षा नाही, गडकरीला नाटक बघून सात वर्षं झाली. माझे गुडघे गेलेत, डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की तेल लाव म्हणतात. काही म्हटलं की एकच उत्तर, म्हातारपणी लागतील. त्यांना ऐकूही कमी येतं, मशीन घेत नाहीत. काय सांगू त्यांना?

उत्तर : वहिनी, 71 व्या वर्षी म्हातारपणी लागतील म्हणतात, मग म्हातारपण सुरू कधी होणार आहे, तेवढी तारीख विचारून घ्या एकदा!

चेष्टा बाजूला. अशा माणसाला खर्च करा म्हणून सांगून उपयोग नसतो, मुद्दल मोडलं की त्यांना बोट कापल्यासारखं होतं. माझ्या सासऱ्यांचं हेच होतं. म्हणून मुद्दलाला हातच लावू नका, त्यांना भीती घालायचीच असेल तर योग्य गोष्टीची घाला. 40 लाख एकाच बँकेत ठेवलेत ना? ठेवींवरचा विमा एका बँकेत एका माणसाला 5 लाखांपर्यंतच असतो, तोही मुद्दल आणि व्याज मिळून, 2020 पासून तेवढाच आहे. हे ऐकून काका नक्की खुर्चीतून उठतील. मग सांगा की पोस्टात सीनियर सिटिझन स्कीम आहे, सरकारी आहे, एप्रिल 2023 पासून दर 8.2 टक्के झालाय, ठेवताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही, एका माणसाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. त्यात 15 लाख टाकले तर 8.2 ने दर तीन महिन्यांनी 30,750 रुपये हातात येतात, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या एक तारखेला. एफडी जशी मुदत संपेल तशी हलवा, मोडायची नाही. मुद्दल जागच्या जागी, त्यांची झोपही जागच्या जागी.

आणि आता तुमची अट. हे व्याज त्यांच्या पेन्शनच्या खात्यात जाणार नाही, तुमच्या दोघांच्या नावाच्या वेगळ्या खात्यात जाणार, एटीएम कार्ड तुमच्या पर्समध्ये, आणि पुढचं व्याज यायच्या आत आधीचं संपलं पाहिजे. उरवायचं नाही. हे ऐकून ते वैतागतील, दोन दिवस जेवताना बोलणार नाहीत, चालायचंच. नॉमिनी सगळीकडे आहे का तेही याच निमित्ताने बघून घ्या, स्पेलिंगसकट.

पहिलं व्याज आलं की आधी ऑर्थोपेडिककडे, तेल नंतर. मशीनचं त्यांच्याशी वाद घालत बसू नका, नाटकाची तिकिटं काढा, कुठलंही विनोदी, आणि मुद्दाम मागची. पहिल्या हशाला सगळं थिएटर हसेल आणि ते तुम्हाला कोपराने ढोसून विचारतील, काय म्हणाला गं? सांगू नका.