टायटलवर 'असेंबल्ड' लिहिलेला माझा 1950 चा फोर्ड

प्रश्न: मी ह्यूस्टनला असतो. 40-50 च्या दशकातला अमेरिकन कॅब-ओव्हर (इंजिनच्या वर कॅब असलेला, चपट्या तोंडाचा) ट्रक शोधून त्याचा हॉट रॉड, म्हणजे जुन्या रूपातली पण जोरात पळणारी गाडी, करायचा आहे. असा ट्रक मिळतो कुठे, खर्च किती येतो, आणि जुनी चासी ठेवावी की आधुनिक पिकअपच्या चासीवर कॅब बसवावी? पहिलाच प्रोजेक्ट आहे.

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहायला बसलोय. आधीचे दोन उरकून घेतो.

मिळतो कुठे? ऑनलाइन जाहिरातीत जे दिसतात त्यांच्या किमती आधीच चढलेल्या असतात. मिशिगन-ओहायोकडचा ट्रक फुकट मिळाला तरी घेऊ नका, हे मी मिशिगनमध्ये राहून सांगतोय. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने कॅबचे खालचे कोपरे आणि तळ पापडासारखे होतात. नेब्रास्का, कॅन्सस, डाकोटा हा कोरडा पट्टा धरा. तिकडे हे ट्रक धान्य वाहायचे. कापणीपुरते पळायचे, बाकी वर्षभर शेडमध्ये उभे. 1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर तिथे सरकारने शेतांच्या कडेने झाडांचे पट्टे लावून घेतले. शेतकरी मेलेली यंत्रं नेऊन त्या झाडांत उभी करतो आणि विसरतो. सॅटेलाइट नकाशावर झाडांची सरळ रांग आणि तिच्या पोटात चौकोनी ठिपके दिसले, की गावातल्या एलिव्हेटरवर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, जाऊन नीट विचारा. न विचारता शेतात शिरू नका, तिथे बंदूक असते. आणि सुट्या भागांसाठी ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा बाजार एकदा तरी पायी पालथा घाला.

माझा ट्रक असाच मिळाला. 1950 चा फोर्ड एफ-6, फ्लॅटहेड व्ही-8 इंजिनवाला, इंटरस्टेट 80 या हायवेपासून चाळीस मैल आत. चासीच्या दोन रेलच्या मधून तुतीचं झाड उगवून वर गेलेलं, मांडीएवढं जाड. मालक ऐंशीचा. त्याच्या वडिलांनी तो ट्रक नवा घेतलेला. 2,800 डॉलर ठरले. म्हातारा स्वतः चेनसॉ घेऊन आला, झाड कापलं आणि बुंध्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला. त्याच्या सालीत फोर्डच्या रेलची कड उमटलेली आहे. तो तुकडा माझ्या टेबलावर असतो, बायको दर दिवाळीला फेकायला काढते.

टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, मात्र म्हाताऱ्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होतं, त्यापायी दोन फेऱ्या झाल्या, आठशे-नऊशे मैलांची एकेक. टायटल नसेल तर घेऊ नका. 'व्हरमाँटहून टपालाने रजिस्टर करून घे' असा सल्ला अजून कोणी देईल. बाहेरच्यांसाठी ती पळवाट 2023 मध्ये बंद झाली.

खर्च: 41 हजार डॉलरपर्यंत मी हिशेब लिहिला, पुढचा बायकोने लिहिला आणि तो मला दाखवत नाही. सात वर्षं लागली. काचा, रबरं असं बरंच काही त्याच सालच्या पिकअपचं चालतं, नवं मिळतं. पण कॅब-ओव्हरचे पुढचे फेंडर, ग्रिल, नाकाचा पत्रा हे कोणी नवीन बनवून विकताना मला तरी सापडलं नाही. म्हणून इंजिन जाम असलं तरी चालेल, पत्रा पूर्ण असलेला ट्रक घ्या.

आता चासी.

माझा एक मित्र आहे, इथलाच, आयुष्यभर गाड्यांच्या फ्रेम डिझाइन केलेला. मंडळाच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेत उभे असताना आमचा वाद सुरू झाला, तो अजून संपलेला नाही. त्याचं म्हणणं, चासी मूळची ठेव, ब्रेक सुधार, इंजिन बदलायचं तर बदल, आणि ताशी पन्नास मैलांच्या आत चालव. माझं म्हणणं, मग हॉट रॉड कसला? मूळचा एक्सल ओझं ओढायला बनवलेला. ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर गेलात की इंजिन रडतं. पुढे आडवा आय-बीम एक्सल, चारही बाजूंना पाटे, आणि ब्रेकचं मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचं: एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मी 1997 ची डॉज रॅम 3500 घेतली, मागे चार चाकांची, टू-व्हील ड्राइव्ह, 5.9 लिटरचं 12 व्हॉल्व्हचं कमिन्स डिझेल इंजिन. तिची चासी आणि इंजिन ठेवलं, त्यावर फोर्डची कॅब. इथे शंभर लोक हेच करतात. मित्र म्हणाला, शंभर लोक चुकतात.

जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नका, त्यात कॅब नुसती वर ठेवलेली असते. फ्लॅटहेड व्ही-8 आखूड असतो, दोन सीटच्या मध्ये मावतो. कमिन्स म्हणजे एका ओळीत सहा सिलिंडर, उंच आणि लांब, वजन जवळजवळ पाचशे किलो. पुढे ठेवलं तर रेडिएटरला जागा नाही, मागे सरकवलं तर शेवटचे दोन सिलिंडर कॅबच्या मागच्या भिंतीतून बाहेर. मी भिंत कापली. पुढची चाकं फेंडरच्या कमानीत बसेनात, म्हणून कॅब चार वेळा उचलून पुन्हा ठेवली.

त्यात वडील आले, सहा महिन्यांच्या व्हिसावर. वडिलांनी कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षं ट्रकच्या बॉडी बांधल्या. त्या काळी कंपनीकडून नुसती चासी यायची आणि कॅबिन गावातला मिस्त्री बांधायचा. चपट्या तोंडाच्या गाड्या त्यांनी शेकड्याने हाताळलेल्या. इंजिनच्या झाकणावर गोणपाट टाकून क्लीनर झोपतो ती गाडी. अमेरिकेत असे ट्रक शोधत फिरावं लागतं हे त्यांना पटेचना. मी सांगितलं, की इथे राज्याराज्यांत ट्रकच्या एकूण लांबीवर मर्यादा होती, नाक कापलं की तेवढा माल जास्त बसायचा, 1982 च्या कायद्याने ती मर्यादा मोठ्या हायवेवरून उठली आणि मग सगळे लांब नाकाकडे वळले. ते म्हणाले, "म्हणजे जागा मिळाली तशी नाकं वाढली."

इंजिनवरचं झाकण त्यांनी केलं. माझ्याकडे इंग्लिश व्हील (पत्र्याला गोलाई देणारं यंत्र) आहे, त्याला हात लावला नाही. वाळूने भरलेली चामड्याची पिशवी, लाकडी मोगरी आणि 18 गेजचा पत्रा. पिशवीवर पत्रा ठेवून कडेकडेने ठोकत आत यायचे, मध्येच थांबून तळहात फिरवायचे. तळहाताला कळतं ते डोळ्याला दिसत नाही म्हणायचे, आणि खरोखरच जिथे मला काही दिसत नव्हतं तिथे खडूने गोल करायचे. तीन दिवसांत झाकण झालं, वर लांबी (पुट्टी) भरायला जागा ठेवली नाही. इथल्या पेंटरने विचारलं, हे कुठून मागवलं.

स्टिअरिंगचं काम मी बाहेर दिलं होतं, आणि इथेच माझी चूक आहे. कॅब-ओव्हरमध्ये ड्रायव्हर एक्सलवर बसतो, त्यामुळे कॉलम जवळजवळ उभा खाली येतो. रॅमचा स्टिअरिंग बॉक्स एक्सलच्या पुढे, आणि त्याचा शाफ्ट मागे तोंड करून. म्हणजे उभ्याचं आडवं करायला मध्ये युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळलेल्या दांड्या जोडणारे सांधे) हवेत, दोनाने भागत नाही, तीन लागतात, आणि तीन आले की मध्ये आधाराचं बेअरिंग लागतंच. एका दुकानाने बेअरिंग न घालता, योक (जॉइंटचे दोन कानांचे तुकडे) शाफ्टला वेल्ड करून दिले. पहिल्या फेरीला गाडी गल्लीतून बाहेर काढली. वळणावर स्टिअरिंग पाव वळसा हलकं, पुढचा पाव वळसा जड, पुन्हा हलकं. मला वाटलं पॉवर स्टिअरिंगच्या पंपात हवा आहे. वडील शेजारी बसले होते. म्हणाले, "इस्टेरिंग लंगडतंय. घराकडं घे."

घरी आल्यावर ट्रकखाली आडवे झाले, खडू मागितला आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकच्या कानांवर रेघा मारल्या. रेघा एका सरळीत यायला हव्या होत्या, चांगल्या बोटभर फिरलेल्या होत्या. वेल्ड केलेलं, त्यामुळे फिरवून लावायची सोय नाही. कापून फेकलं. नवीन डबल-डी (दोन बाजूंनी सपाट) शाफ्ट, बेअरिंग, एकाही जॉइंटला तीस अंशांच्या वर कोन नाही. आता लोण्यासारखं फिरतं.

मग चहा घेताना म्हणाले, "मूळची चासी ठिवली असतीस तर दांडी सरळ खाली आली असती. काय गरज हुती?"

मी म्हटलं, पासष्टने जाता आलं नसतं.

"कुणाच्या मयताला जायचंय एवढ्या घाईनं?"

मित्र तिथेच बसला होता. त्याने बिस्कीट बुडवलं, काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला अजून आठवतं.

आता मुख्य घाव. त्या फोर्डचा नंबर त्याच्या चासीच्या रेलवर ठोकलेला असतो, म्हणजे चासी बाजूला ठेवली की कागदावरचा ट्रक बाजूला राहिला. चासी नंबराची प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावणं गुन्हा आहे, तो विचार मनातही आणू नका. मिशिगनमध्ये माझ्या गाडीची पोलीस तपासणी झाली आणि नवीन टायटल आलं. मेकच्या, म्हणजे कंपनीच्या, रकान्यात 'असेंबल्ड' (जोडून बनवलेली). सात वर्षं, ते तुतीचं झाड, त्या फेऱ्या, वडिलांचं झाकण, आणि कागदावर फोर्ड हा शब्द नाही. मित्राने त्या टायटलचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली फक्त एक हसरा चेहरा.

तरीही माझं मत सांगतो: आधुनिक चासीच बसवा. ऑगस्टात डेट्रॉइटकडे वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची क्रूझ भरते, तिला घरापासून स्वतःच्या चाकांवर जातो, ट्रेलरवर घालून नेत नाही. मूळ चासीवर एवढा निवांत गेलो असतो का? मित्र म्हणेल, गेला असतास, हळू. त्याने कधी एक ट्रक पूर्ण करून दाखवावा, मग बोलावं.

पण थांबा. तुम्ही पहिलाच प्रोजेक्ट म्हणताय. वेल्डिंग स्वतः करत नसाल तर वरचं विसरा आणि मूळ चासी ठेवा, ब्रेक दोन सर्किटचे करा, इंजिन कोणतंही आखूड व्ही-8. टेक्सासमध्ये असेंबल्ड गाडीचे नियम वेगळे असणार, कापायच्या आधी विचारा. जुन्या वीस इंची चाकांना लोखंडी लॉक रिंग असते. ती जुनी चाकं स्वतः उघडायला किंवा हवा भरायला जाऊ नका, रिंग उडून माणसं मेली आहेत. आणि ह्यूस्टनचा उन्हाळा, मांडीला लागून इंजिन: झाकणाच्या आतून उष्णतारोधक चटई आणि एसी, हे रंगाच्या आधी. मी रंगानंतर केलं, म्हणून दोनदा रंग.

माझी जुनी चासी गॅरेजमागे ताडपत्रीखाली आहे, जुनं टायटल घरात फाइलमध्ये. मित्र दोनदा विकत मागून गेला. देणार नाही.