अमेरिकेतल्या डे-केअरमध्ये वांशिक समतेसाठी बदल करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या चार शाखांच्या डे-केअरची जबाबदारी तुमच्याकडे आली, बोर्डाने समतेचं काम हाती घ्यायला सांगितलं, बाहेरून ट्रेनर बोलावून एक दिवसाचं वर्कशॉप झालं आणि सोमवारपासून सगळं जैसे थे. ते तसंच व्हायचं होतं. वर्कशॉपनंतर लोक जपून बोलायला लागतात, एवढंच. मुलाला वर्गाबाहेर कोण काढतं, लीड टीचर कोण होतं, प्रवेशाच्या यादीत कोण मागे राहतं, हे नियमावली आणि ड्यूटीचा तक्ता ठरवतात. म्हणून पुढचं ट्रेनिंग सहा महिने लांबवा आणि आधी एकच गोष्ट धरा: "आज मुलाला लवकर घेऊन जा" हा घरी जाणारा फोन.

हाच का? तर भेदभाव सगळ्यात आधी इथे दिसतो. येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी 2005 मध्ये दाखवलं की सरकारी प्री-के (बालवाडीआधीच्या, तीन-चार वर्षांच्या मुलांच्या) वर्गांतून मुलांना काढून टाकण्याचं प्रमाण बारावीपर्यंतच्या शाळांच्या तिपटीहून जास्त आहे. 2013-14 च्या केंद्र सरकारच्या आकडेवारीत सार्वजनिक प्री-स्कूलमधली 19 टक्के मुलं कृष्णवर्णीय होती, पण निलंबित झालेल्यांत त्यांचा वाटा 47 टक्के होता. गिलियम यांच्याच गटाने 2016 मध्ये शिक्षिकांना मुलांच्या खेळाचे व्हिडिओ दाखवले आणि त्रासदायक वागणूक दिसते का ते पाहायला सांगितलं. व्हिडिओत तसलं काहीच नव्हतं. तरी नजरा कृष्णवर्णीय मुलग्यावर जास्त खिळल्या, आणि त्यात कृष्णवर्णीय शिक्षिकाही होत्या. तेव्हा "आपल्याकडे स्टाफ मिश्र आहे, आपल्याला लागू नाही" हे बोर्डाला म्हणू देऊ नका.

तुमच्या रजिस्टरमध्ये निलंबन शून्यच असेल. डे-केअरमध्ये "निलंबन" असं कुणी लिहीत नाही. आईला अकराला फोन जातो, ऑफिसातल्या खुर्चीवर अर्धा तास बसवलं जातं, "त्याला इथे रुळायला जड जातंय" असं गोड बोललं जातं आणि पालक स्वतःहून नाव काढतात. त्यामुळे नोंदीचा कागद आधी बनवा, एका पानाचा: तारीख, वेळ, वर्ग, त्या क्षणी काय चाललं होतं (गोष्ट, जेवण, हात धुवायची रांग, झोप), मुलाने नेमकं काय केलं, आधी काय करून पाहिलं, मूल किती मिनिटं वर्गाबाहेर होतं, फोन करायचं कुणी ठरवलं. "काय केलं" या रकान्यात क्रियापदच हवं. "शेजारच्याला ढकललं" चालेल, "आक्रमक झाला" चालणार नाही. वंशाचा रकाना शिक्षिकेकडे देऊ नका. पालकांनी प्रवेश अर्जात लिहिलेलं ऑफिसने नंतर जोडावं. आणि फोननंतर दोन महिन्यांत ज्याने नाव काढलं, त्याची नोंद "काढून टाकलं" यातच करा. पहिल्या बैठकीत वाद याच नियमावरून होईल. मागे हटू नका.

तीन महिन्यांनी हिशेब करा, पण फोन मोजू नका, मुलं मोजा. एकाच मुलासाठी अकरा फोन झाले असतील तर आकडा फसवतो. समजा, चारही शाखा मिळून 120 मुलं, त्यांतली 30 कृष्णवर्णीय. त्या 30 पैकी 9 मुलांच्या घरी किमान एकदा फोन गेला, उरलेल्या 90 पैकीही 9 जणांच्या. म्हणजे 30 टक्के विरुद्ध 10 टक्के, गुणोत्तर 3. एखाद्या शाखेत त्या गटातली मुलं दहाच्या आत असतील तर तिथे गुणोत्तर काढू नका, एकेक कागद वाचा. आणि हे आकडे शिक्षिकेच्या नावानिशी भिंतीवर लावलेत, तर पुढच्या महिन्यापासून नोंदी बंद पडतील, फोन चालूच राहतील.

कागद वेळेनुसार लावून पाहा. बहुतेक ठिकाणी गर्दी दोन-तीन वेळांनाच दिसते: जेवणानंतर झोपेआधी, बाहेरून आत येताना आणि संध्याकाळी माणसं कमी झाल्यावर. दमलेली शिक्षिका झटपट निर्णय घेते तो याच वेळी, आणि पूर्वग्रहाला वाव मिळतो तोही तेव्हाच. म्हणून पहिला खर्च इथे करा. साडेअकरा ते एक आणि चार ते बंद होईपर्यंत प्रत्येक शाखेत एक जादा माणूस, जो वर्गातून हाक आली की पाच मिनिटांत पोहोचेल. तो नेमल्यावरच नियम काढा की घरी फोन करायचा अधिकार फक्त शाखाप्रमुखाचा. क्रम उलटा झाला की शिक्षिका म्हणतात, "आमचे हात बांधलेत," आणि त्यांचं खरंही असतं.

त्यापुढची वाट लिहून ठेवा. त्याच दिवशी पालकांना फोन, पण काय घडलं आणि आम्ही काय करतोय हे सांगायला. आठवड्याच्या आत पालकांसोबत बैठक. मग मानसिक आरोग्य सल्लागार वर्गात बसून निरीक्षण करेल, मुलाचं आणि शिक्षिकेचंही. गिलियम यांच्या 2005 च्या अभ्यासात असा सल्लागार हाताशी असलेल्या वर्गांतून मुलं कमी काढली गेली होती. गरज वाटली तर पालकांच्या संमतीने, मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का याच्या तपासणीची मागणी. तीन वर्षांवरच्या मुलासाठी स्थानिक शाळा जिल्ह्याकडे जायचं. केंद्राच्या विशेष शिक्षण कायद्यात तपासणीला संमतीपासून 60 दिवसांची मुदत आहे, राज्याने वेगळी ठरवली नसेल तर. काढून टाकणं या वाटेवर नाहीच. हेड स्टार्टला (गरीब कुटुंबांतल्या लहान मुलांसाठीचा केंद्र सरकारचा कार्यक्रम) 2016 पासून वागणुकीच्या कारणावरून मूल काढता येत नाही, इलिनॉयने 2018 पासून कायद्याने बंदी घातली, तेव्हा हे अशक्य आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कायद्याची बाजू सांभाळा. नियम सगळ्या मुलांना सारखे, वंश फक्त मोजणीत. प्रवेश किंवा नोकरी वंश पाहून देणं 1964 च्या नागरी हक्क कायद्यात अडकतं, आणि समतेच्या कार्यक्रमांविरुद्धच्या जानेवारी 2025 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनंतर केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थांवर जास्तच नजर आहे. कागदपत्रांची भाषा वकिलाला एकदा दाखवा.

बाहुल्या, पुस्तकं, भिंतीवरची चित्रं बदला जरूर, पण ते एका दुपारचं काम आहे, त्यावर समिती नको. त्यापेक्षा वाळूच्या टेबलापाशी टोप्या ठेवा. वेण्या घातलेल्या केसांत वाळू गेली की काढायला आईची अख्खी संध्याकाळ जाते, आणि टोपी नसली की त्या मुलीला "तू नको जाऊस" म्हणून बाजूला बसवलं जातं. कागदावर हे कुठेच येत नाही.

आपल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. तुमच्या राज्यातल्या एडिसन गावाच्या आसपास देशी असिस्टंट पुष्कळ असतात, आणि "किती गोरी गोरी आहे" हे कौतुक तीन वर्षांच्या सावळ्या मुलीसमोर सहज निघून जातं. उलट बाजूने, हाताने वरणभात खाणाऱ्या मराठी मुलाच्या नोंदीत "स्वतः खाता येत नाही" असंही लिहिलेलं असू शकतं. दोन्ही गोष्टी स्टाफ मीटिंगमध्ये मोकळेपणाने बोलायच्या.

आता पगार. चारही शाखांचा एकच तक्ता करा: पद, शिक्षण, अनुभव, तासाचा दर, वंश. बऱ्याच संस्थांत असिस्टंट कृष्णवर्णीय आणि लॅटिना, तर लीड गोऱ्या, असं दिसतं. "लीडला पदवी हवी" एवढंच म्हणून थांबलात तर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बायका बाहेर फेकल्या जातील. तुमच्याच राज्यात ॲबट खटल्यातल्या (गरीब जिल्ह्यांतल्या शाळांच्या निधीवरून चाललेला खटला) 1998 च्या निकालानंतर 31 जिल्ह्यांत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत प्री-स्कूल आलं, एका वर्गात जास्तीत जास्त 15 मुलं. शिक्षिकांना पदवी सक्तीची झाली, पण सोबत शिष्यवृत्ती आली आणि खासगी केंद्रांतला पगार सार्वजनिक शाळांच्या बरोबरीला आणला गेला. तुम्ही सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) या बालसंगोपनाच्या प्रमाणपत्रापासून सुरू करा: 120 तासांचं प्रशिक्षण, 480 तासांचा अनुभव. अनुभव त्यांच्याकडे आहेच. प्रशिक्षणाचे तास ड्यूटीत धरा, फी संस्थेने भरावी, आणि प्रमाणपत्र हातात आल्याच्या महिन्यापासून किती दरवाढ, हे आधीच लेखी द्या.

समितीचं अध्यक्षपद एकुलत्या एका कृष्णवर्णीय शिक्षिकेच्या गळ्यात घालू नका. ती वर्गही सांभाळणार, सगळ्यांची नाराजीही झेलणार, आणि वर्षभरात सोडून जाणार. अध्यक्ष तुम्ही स्वतः व्हा, कारण पैशांवर सही तुमची आहे. समितीत येणाऱ्या शिक्षिकांना त्या तासांचा पगार द्या, पालकांना बैठकीच्या वेळी मुलं सांभाळायची सोय. बोर्डाकडे पहिला अहवाल बजेट ठरायच्या दोन महिने आधी न्या, म्हणजे जादा माणसाचा खर्च पुढच्या वर्षाच्या बजेटात धरता येईल. आणि फोनचा नियम कर्मचारी पुस्तिकेत आणि पालकांच्या करारात, दोन्हीकडे छापा. पुढची डायरेक्टर तो पुस्तिकेतून गुपचूप काढू शकेल, पण करारातून काढायचा तर पालकांना कळवावंच लागेल.