'स्वार्थी' म्हणायचं नसेल तर काय म्हणायचं?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: "माझ्या धाकट्या बहिणीनं बँकेतली कायमची नोकरी सोडून हातमाग शिकायला जायचं ठरवलं. घरात सगळे तिला स्वार्थी म्हणतात. ती कुणाचं काही घेत नाहीये, फक्त मनासारखं जगायला निघाली आहे. अशा माणसासाठी दोष न चिकटलेला शब्द मराठीत आहे का?"

आहे. पण आधी 'स्वार्थी'कडे बघू, कारण या शब्दावर फार अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं.

स्व अधिक अर्थ. इथे 'अर्थ' म्हणजे हेतू, प्रयोजन. दुसऱ्याचं वाईट करणं या फोडीत कुठेच नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, डोंगरावरचा धूर पाहून तिथे आग असणार हे स्वतःपुरतं ताडलं, की ते स्वार्थानुमान. तेच दुसऱ्याला पटावं म्हणून टप्प्याटप्प्यानं मांडलं, की परार्थानुमान. आधी आपल्याला कळायला हवं, मगच दुसऱ्याला सांगता येतं. स्वार्थ तिथे हलका नाही, तो पहिला आहे.

भर्तृहरीच्या नीतिशतकातला एक श्लोक तर याच प्रश्नासाठी लिहिल्यासारखा आहे. स्वार्थ सोडून परहित साधणारे ते सत्पुरुष. 'स्वार्थाविरोधेन', म्हणजे आपल्या हिताला धक्का न लावता, दुसऱ्यासाठी झटणारे ते सामान्य लोक. स्वार्थासाठी दुसऱ्याचं हित मारणारे ते मनुष्यरूपी राक्षस. आणि स्वतःचा काही फायदा नसतानाही जे दुसऱ्याचं नुकसान करतात, त्यांना काय म्हणावं ते कवीलाही सुचत नाही. यात निंदा कुठे सुरू होते ते बघा. स्वार्थ असण्यापाशी नाही, दुसऱ्याचं मारण्यापाशी. ताईंच्या बहिणीनं कुणाचं मारलंय?

मराठीत हा शब्द काळवंडला तो बहुधा 'परमार्था'समोर उभा केल्यामुळे. एक उजळ ठरला की दुसरा आपोआप काळा. पण परमार्थ सांगणारे तुकोबाच म्हणतात, 'आपुलिया हिता जो असे जागता । धन्य मातापिता तयाचिया ॥' अभंगातलं हित आत्मिक आहे, हे मान्य. तरी शब्द 'आपुलिया हिता' हाच आहे आणि धन्य म्हटलंय ते त्याच्या आईबापांना. मुलगी आपल्या हिताला जागी झाली म्हणून घरच्यांनी रुसावं, असं त्यात नाही.

खऱ्या आपमतलबी माणसासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहेच: आपलपोटा. आमच्याकडे फणस फोडला की आजी हाताला तेल लावून गरे काढायची आणि परातीत टाकायची. एकदा माझा चुलतभाऊ परात घेऊन माडीवर गेला नि सगळे गरे एकट्यानं संपवले. आजी म्हणाली, "आपलपोट्या मेला!" त्याच घरातली माझी आत्या लग्नाला नकार देऊन, घरच्यांशी वाद घालून नर्सिंग शिकायला गेली. तिच्याबद्दल आजी इतकंच म्हणायची, "तिनं आपली वाट धरली." आजी शाळेत गेलेली नव्हती, पण या दोन गोष्टींसाठी तिनं कधी एक शब्द वापरला नाही. आपलपोटा व्हायला समोर परात लागते, त्यात दुसऱ्याचा वाटा लागतो. आपण 'स्वार्थी' हा एकच शब्द दोन्हीकडे फेकतो आणि हा फरक पुसून टाकतो.

'स्व'चं बाकीचं गोत बघितलं की आपला कल आणखी दिसतो. स्वाभिमान, स्वावलंबन, स्वराज्य यांना मान. स्वैर आणि स्वच्छंद यांच्याकडे मात्र डोळे वटारून पाहायचं. खरं तर स्वच्छंद म्हणजे आपल्या इच्छेनं आणि स्वैर म्हणजे आपल्या मर्जीनं चालणारा, एवढंच. पाखरू स्वच्छंद उडालं तर आपण कविता करतो, मुलगी स्वच्छंद निघाली तर बैठक बोलावतो. मुलगा तेच करायला निघाला की बऱ्याच घरांत तो 'महत्त्वाकांक्षी' असतो, हेही ताईंनी घरच्यांना जरूर विचारावं.

(जाता जाता: 'निःस्वार्थी' नको, 'निःस्वार्थ' पुरेसं आहे. निर्दोष म्हणतो, निर्दोषी नाही, तसंच.)

आता उत्तर. विशेषण हवं तर 'स्वहितदक्ष' आहे, पण बोलताना ते जड होतं. 'मनस्वी' सुंदर आहे, फक्त हल्ली त्याला लहरीपणाची छटा येते. मी आजीचा प्रयोग घेईन: तिनं आपली वाट धरली. त्यात एक गंमत आहे. शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. क्रियापद हुकूम, इच्छा, अट यांतलं काहीही न सुचवता स्वतःचाच अर्थ सांगतं, तो स्वार्थ. "आपली वाट धर" हा आज्ञार्थ, म्हणजे चालती हो. "तिनं आपली वाट धरली" हा स्वार्थ. ताई, बहिणीबद्दल कुणी विचारलं तर हे दुसरं वाक्य सांगा, आणि ते व्याकरणातल्या स्वार्थातलं आहे, हेही सांगा.