६ आणि ८ वर्षांच्या मुलांना घरीच इतिहास कसा शिकवावा?

तुम्ही विचारलंय की मुलं शाळेत न घालता घरी शिकवतोय, तर इतिहासाचं पुस्तक कुठलं घ्यायचं आणि रोज किती वेळ द्यायचा. आम्ही नाशिकला असतो, आमच्या दोघी मुली घरीच शिकतात, म्हणून लिहितेय. मला विचाराल तर या वयात सनावळ्या अजिबात नकोत, "कशावरून?" विचारायची सवय लागली तरी खूप झालं.

म्हणजे बघा, पांडवलेणीला सगळेच नाशिककर जातात, पायऱ्या चढायच्या, फोटो काढायचे, उतरायचं. पण तिथे तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई ही. त्यात लेकाचं इतकं कौतुक आहे की विचारू नका, क्षहरातांचा, म्हणजे शत्रू राजघराण्याचा, वंशच त्याने संपवला वगैरे. हे ऐकून धाकटी म्हणाली, आईच सांगतेय ना, मग ती तर असंच सांगणार! आता काय बोलणार? पण उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, जोगळटेंभीला. १९०६ साली तिथे १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने वरून स्वतःचा छाप मारलेला. घरी मातीच्या चकत्या करून थोरीने त्यावर बाटलीचं झाकण दाबलं, धाकटीने त्याच्यावर शर्टाचं बटण, खालचा ठसा अर्धवट दिसत राहतो तसाच. मग दोघींचं ठरलं की नहपान हरलाच असणार, नाहीतर त्याच्या नाण्यावर दुसरा कोण छाप मारेल.

घरातल्या गप्पांचं म्हणाल तर आजीआजोबांना "पूर्वी कसं होतं" असं मोघम विचारू नका, "आमच्या वेळी असं नव्हतं हो" एवढंच मिळतं. खाण्यापिण्याचं विचारा. माझ्या सासूबाई सिन्नरकडच्या, १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) लालसर भाकरी, सुकडी म्हणजे दुष्काळात वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं, खडी फोडायची कामं सगळं बाहेर येतं. त्यात त्यांचे भाऊ आलेले असले की ते म्हणणार, छे, आपल्या गावात सुकडी कुठे मिळायची, आणि दोघांचं जुंपतं. परवा थोरीने मध्येच विचारलं, "मामाआजोबा, तुम्ही तेव्हा गावात होता का?" ते होते नाशिकला होस्टेलवर. सासूबाई जाम खूश.

आणि अवघड विषय टाळू नका प्लीज. काळाराम मंदिरात आम्ही रामनवमीला जातो, तिथेच सांगितलं की २ मार्च १९३० ला इथे बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड आघाडीवर होते, मागणं एवढंच की आम्हालाही आत येऊ द्या. "का नव्हते येऊ देत?" यावर घरातली मोठी माणसं इकडेतिकडे बघायला लागली, मग मीच जात म्हणजे काय ते सरळ सांगितलं. सहा वर्षांच्या पोराला अन्याय बरोब्बर कळतो, घाबरतो आपण.

वेळेचं म्हणाल तर तास वगैरे काही धरलेला नाही, जेवताना नाहीतर गाडीत जे होतं ते. पुस्तक म्हणून चौथीचं शिवाजी महाराजांचं परिसर अभ्यास भाग २ घरात आहे, थोरी तेच परत परत वाचते. परीक्षेचं टेन्शन असेल तर एनआयओएसच्या (सरकारी मुक्त शाळा, घरी शिकून परीक्षा देता येते) तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या लेव्हल आहेत आणि दहावीला वय १४ पूर्ण लागतं, म्हणजे तुमच्या मोठ्यालासुद्धा अजून सहा वर्षं आहेत.